प्रशिक्षकांच्या शिबिरातली चोरी

खात्यात खून, दरोडे पुष्कळ पाहिले. तरीही नोकरीचा विषय निघाला, की मला आधी आठवते ती एका कुत्रीची चोरी.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या एका मळ्यावर शनिवार-रविवार जनावरांच्या प्रशिक्षकांचं शिबिर भरलं होतं. कुत्री, घोडे शिकवून पोट भरणारी ही माणसं वर्षभर दुसऱ्यांची जनावरं हाताळून थकलेली. दोन दिवस एकमेकांकडून शिकायचं, आंब्याखाली निवांत बसायचं, तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा, एवढाच बेत.

रविवारी सकाळी बेळगावच्या एक प्रशिक्षक बाई ठाण्यात आल्या. त्यांची कुत्री नाहीशी झाली होती.

"साहेब, गाभण आहे ती. कुठं कोंडली असेल तर या उन्हात टिकायची नाही."

ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी मळ्यावर गेलो. कुत्री ठेवलेल्या खोलीला बाहेरून नुसती कडी, मोडतोड काही नाही, भुंकणं कुणी ऐकलेलं नाही. म्हणजे नेणारा ओळखीचाच. तेवढ्यात फाट्यावरच्या चहावाल्यानं आमच्या हवालदाराला खबर दिली, "शिबिरातली एक जीप दिस उगवताना कॅनॉलकडं गेलती. जाताना मागं कुत्रं हुतं, येताना न्हवतं."

जीप निघाली हुपरीकडच्या एका प्रशिक्षकाची. चांदीच्या कारखान्यांसाठी राखणीची कुत्री तयार करणारा हा मनुष्य. कॅनॉलच्या दोन्ही अंगांना नुसता ऊस. शोधायला माणसं धाडली आणि त्याला ठाण्यात आणलं.

हवालदारानं आवाज चढवला, टेबल आपटलं. उत्तर एकच, "मला काय म्हाईत न्हाय." त्याच्या मनगटावर ताजे ओरखडे होते. मी दरडावून विचारलं, "हे कशानं झालं?" त्यानं हात मागं घेतला. बाहेर ऊन तापत होतं.

दारातून बाई म्हणाल्या, "साहेब, मी बोलू का?"

मी मान हलवली. त्या समोर न बसता बाकावर त्याच्या शेजारी बसल्या.

"दादा, तिची नखं लागलीत. धुतलं का? घाबरली असेल, नाहीतर ती असं करत नाही."

मी ते ओरखडे पुरावा म्हणून पाहिले होते, बाईंनी जखम म्हणून. त्यांनी पाणी मागवलं, त्याचा हात धुतला आणि नुसत्या बसून राहिल्या. हवालदार चुळबुळत होता. मी त्याला खुणेनं थांबवलं.

"मारली न्हाय हं ताई मी तिला," तो एकदम म्हणाला.

"व्हय की. तुम्ही मारणार नाही."

"काल शिबिरात मी काठीच्या धाकानं कुत्रं चालवून दाखवलं. सगळी गप्प बसली. तुमचं बघून मात्र टाळ्या. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं मला. तुमची फजिती व्हावी, एवढंच मनात हुतं. कॅनॉलवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत हाय ती. पाणी ठेवलंय."

पत्र्याची खोली भट्टीसारखी तापली होती. पाण्याचं घमेलं पालथं झालेलं, कुत्री आडवी, जीभ बाहेर. बाईंनी ओढणी भिजवून तिच्या अंगावर टाकली. बऱ्याच वेळानं शेपटी हलली, तेव्हा कुठं बाई रडल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पोटातली पिल्लंही सुखरूप आहेत.

मी फिर्याद लिहून घ्यायला बसलो, तर बाई म्हणाल्या, "नको साहेब. यांना शिबिराला परत पाठवा. यांचं शिकायचं राहिलंय."

जबाब घेतले, कडक समज दिली आणि सोडलं.

संध्याकाळी मुद्दाम मळ्यावर गेलो. आंब्याखाली तो काठी टाकून रिकाम्या हातानं मातीत बसला होता, आपलं कुत्रं आपणहून जवळ यावं म्हणून. ते मात्र लांब उभं, शेपूट पायांत. भोवतालच्या सगळ्यांनी तोंडं फिरवली होती. मी बघत राहिलो, तेव्हा एक घोडेवाले कानाशी पुटपुटले, "साहेब, तुम्हीबी जरा तिकडं बघा. बघितलं की दडपण येतंय, कुत्र्यालाबी आन् त्यालाबी."

खाकी वर्दीतला मी पाठ करून उभा राहिलो. कुत्रं त्याच्या मांडीवर आलं, हे मला त्याच्या हुंदक्यावरून कळलं.

त्या माणसांचा मला आजही आदर वाटतो. चुकलेल्याला पकडणं माझं कामच होतं. पण पकडल्यावर त्याला परत यायला वाट ठेवायची असते, आणि त्या वाटेवर टक लावून बघायचं नसतं, हे मला त्यांनी शिकवलं.