पायांतलं बळ कोणत्या दिवशी गेलं

माझा नवरा धावत्या मोटरसायकलवरून केळीचा रोग ओळखतो. हजारो झाडांच्या बागेत एखाद्याच पानावर पिवळी रेघ दिसायचा अवकाश, की हा म्हणणार, ‘हरण्या. व्हायरस आहे.’ मग झाड उपटायचं, लांब नेऊन पुरायचं आणि जेवायला बसण्याआधी चार शेजाऱ्यांना फोन करून सावध करायचं. सावद्यात त्याच्या या नजरेला मान आहे.

याच माणसाची सात वर्षांची मुलगी सर्दी-तापातून उठली आणि दहा-बारा दिवसांनी तिचे पाय लटपटायला लागले. तेव्हा त्याने निदान केलं, अशक्तपणा. औषध काय, तर केळी.

‘दोन केयी खाय माय, पायात जोर येईन,’ सासूबाईंनी दुजोरा दिला. वर माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘मायवर गेली पोरगी. धुळ्याकडची हाडं नाजूकच.’ लग्नाला अकरा वर्षं झाली तरी आमच्या घरात जे मोडतं, नासतं किंवा करपतं ते धुळ्याहून आलेलं असतं.

पुढे गल्लीतल्या एका जाणत्याने शीर आखडल्याचं सांगून पोरीचे पाय तेलाने असे रगडले की ती कळवळली. मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तिला ताकदीची बाटली चढवली. मी काय करत होते म्हणाल, तर मी पोरीच्याच शाळेत शिक्षिका. विषाणू म्हणजे काय, हे दरवर्षी पाचवीच्या पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवते. घरी येऊन मी तेलाची वाटी गरम करून देत होते.

गुरुवारी संध्याकाळी ती ओट्यावरून उठेचना. शुक्रवारी सकाळी जळगाव गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलाच्या कडेला बसवून गुडघ्याखाली छोट्या हातोडीने टकटक केलं. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर केलं. तोही नाही.

‘मॅडम, जरा जोरात मारा,’ नवरा म्हणाला.

त्यांनी हातोडी खिशात ठेवली आणि सरळ सांगितलं. तापाच्या विषाणूशी लढायला शरीराने जी फौज उभी केली, ती ताप गेल्यावर आपल्याच नसांवर उलटली असावी. ही कमजोरी पायांतून वर चढते. छातीपर्यंत गेली तर श्वास अडतो. ‘ती किती वेगाने चढतेय ते मला कळायला हवं. सुरुवात नक्की कोणत्या दिवशी झाली?’

‘परवा,’ नवरा म्हणाला. ‘मंगळवारी माल कापला, तेव्हा ठीक होती.’ म्हणजे मंगळवारी हा बागेत होता आणि त्याने पोरीला बघितलंच नव्हतं.

‘परवा नही. मंगयवारी, मी वाती वयत व्हती तव्हा,’ सासूबाई म्हणाल्या.

दोघांची जुंपली. डॉक्टरीणबाई पेन धरून थांबल्या. मला तारीख ठाऊक होती. घरात ती मला एकटीलाच ठाऊक होती.

‘सोमवारी,’ मी म्हणाले. ‘सकाळी. शाळेच्या पायऱ्यांवर दोनदा पडली. चाचणी होती, म्हणून मला वाटलं नाटक करतेय. मी सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली.’

सासूबाईंनी मान फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा त्या धुळ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी फक्त ‘सोमवार सकाळ’ एवढं लिहिलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे पाचवा दिवस. अजून चढतीच आहे. अतिदक्षता विभागात हलवू.’ मला वाटलं होतं, त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथे सरकारी माणसं बर्फाचा डबा घेऊन आली. पंधरा वर्षांखालच्या पोराचे पाय असे एकाएकी गळाले की पोलिओ नाही ना, हे बघावंच लागतं, आणि त्यासाठी शीचे दोन नमुने लागतात, एका दिवसाच्या अंतराने. पोरगी ऐकेना. लाखो केळी दिल्लीला रवाना करणारा माझा नवरा हातात प्लॅस्टिकची डबी घेऊन तिच्या उशाशी बसून विनवण्या करत होता. मला हसू आलं, आणि मग रडू.

श्वास किती पुरतो ते बघायला दर तासाला नर्स तिला एका दमात आकडे म्हणायला लावायची. दुपारी ती अठरापर्यंत गेली. संध्याकाळी बारावर थांबली. मी पाढे पाठ करून घेणारी बाई, तिथे देवाला म्हणत होते, पुढचं काही नको, फक्त तेरा म्हणू दे.

शिरेतून औषध सुरू झालं. दोन दिवस ती बारा-तेरात अडकली, मग हळूहळू वीसपर्यंत गेली. पोलिओ नव्हता. पायांना मात्र तीन महिने लागले.

त्यातल्याच एका दुपारी घरी ती भिंत धरून एकटीच दारापर्यंत निघाली. चौथ्या पावलाला कोसळली. आम्ही तिघंही धावलो. गुडघा फुटला होता, पण तिने तिकडे बघितलंच नाही. दोन्ही हात गालांवर धरून ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘आई, मुद्दाम नाही पडले.’