मिठाचा वास

सरिता खिडकीशी बसून एक लहानशी बाटली नाकाशी धरते, डोळे मिटते आणि लवंग आठवायचा प्रयत्न करते. मग लिंबू, मग गुलाब, मग निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हाच अभ्यास. तापानंतर माझ्या बायकोला वास येईनासा झाला, तो वर्ष झालं तरी येत नाही. डॉक्टर म्हणाले, रोज मन लावून हुंगलं तर मेंदू वासाच्या वाटा पुन्हा शिकू शकतो. पण उशीर केलात.

उशीर मी केला. चष्म्याचा नंबर जरा बदलला तर मी दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठतो. तिने दोनदा सांगितलं, वास येत नाही. मी म्हणालो, सर्दी असेल. याची मला आज चीड येते.

आमच्याकडे गौरीचा नैवेद्य चाखत नाहीत. वीस वर्षं तिने उकळत्या आमटीच्या वाफेवरून मीठ ओळखलं. गेल्या गौरींना आमटी अळणी झाली, तेव्हा भरल्या पंगतीत मी म्हणालो, "लक्ष कुठे असतं तुझं?" पाहुणे हसले. मीही हसलो. ती खाली मान घालून प्रत्येक पानात मीठ वाढत गेली. निष्काळजी कोण होतं, हे त्या पंगतीत कुणी विचारलं नाही.

आज न राहवून म्हटलं, "यंदा नैवेद्य मी चाखून बघतो. पाप मला लागू दे."

तिने बाटलीला झाकण लावलं.

"नको. अळणी झाला तर गौरी तसाच खातील. त्या चारचौघांत बोलत नाहीत."