उभ्या धाग्यावर कापलेलं बदक

मास्तरांना चहासुद्धा करता येत नव्हता. याची त्यांना लाज वाटत नसे, उलट थोडा अभिमानच होता. शिवणकामात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, आणि घरात चांगल्या फ्रेंच रेस्टॉरंटात काम करणारी बायको होती. मग माणसाने नसत्या उठाठेवी कराव्यातच कशाला? असे हे मास्तर त्या रविवारी सकाळी खाटकाकडून बदकाच्या छातीचे दोन तुकडे घेऊन आले, कमरेला टॉवेल गुंडाळून ओट्यासमोर उभे राहिले, तेव्हा सासूबाईंनी हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"जावईबापू, डॉक्टरांना बोलावू का?"

"बोलवा. त्यांनाही एक सँडविच देऊ."

गोष्ट अशी होती की मास्तरांच्या बायकोला, म्हणजे सगळ्या गल्लीच्या शेफबाईंना, मध्ये एक ताप येऊन गेला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. वास येईना, आणि वासामागून चवही गेली. डोळे मिटले तर जिभेवर कांदा आहे की साबण, ते कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार. एकूण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. रेस्टॉरंटच्या मालकीणबाई चांगल्या. त्या स्वतः घरी येऊन सांगून गेल्या, "मला तुझे हात हवेत. चव बघायला दुसरं कोणीतरी उभं करू." शेफबाईंनी मान डोलावली, पण तेव्हापासून स्वयंपाकघरात पाऊल म्हणून टाकलं नाही. ओटा त्यांच्या आईच्या ताब्यात गेला. आणि शनिवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं की उद्या संध्याकाळी फोन करून कायमचं नाही म्हणून सांगणार. "नाक नसलेली आचारीण आणि डोळे नसलेला ड्रायव्हर, दोघांनी घरी बसावं," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

बोलण्यात मास्तर पहिल्यापासून कच्चे. पण ही बाई एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणायची नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग उरलेलं आयुष्य ती खिडकीपाशी बसून काढणार, आणि आपण खाली दुकानात मशीन चालवत ते बघणार. हे होऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. कसं, ते ठरवलं नव्हतं. ज्या सँडविचसाठी लोक तिच्या रेस्टॉरंटात ताटकळत बसायचे ते आपल्या हाताने करून तिच्यापुढे ठेवावं, इतकंच त्यांना सुचलं. तिला चव लागणार नाही हे कळत होतं. पण शब्दांपेक्षा त्यांचा हातांवर भरवसा जास्त.

शिवाय कृती त्यांना तोंडपाठ होती. कितीतरी वर्षं शेफबाई कामावरून सुटल्या की आधी दुकानात यायच्या, स्टुलावर बसून दिवसभराचं सगळं सांगायच्या, आणि मास्तर पँटींचे पाय दुमडत ऐकायचे. बदकाला आधी मीठ चोळून ठेवायचं. कातडीवर चौकडीच्या रेघा पाडायच्या, पण खालच्या मांसाला धक्का लागता कामा नये. तवा थंड असतानाच कातडीची बाजू खाली ठेवायची, आणि मग मंद आच. घाई केली की कातडी जळते आणि चरबी आतच राहते.

रेघा पाडताना मास्तर रंगात आले. अस्तर उसवायचं आणि कापड शाबूत ठेवायचं, हे तर त्यांचं रोजचं काम. सुरी त्यांनी ब्लेडसारखी चिमटीत धरली. चौकडी अशी सरळ उतरली की सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं.

"शर्टाचं कापड दिसतंय," त्या म्हणाल्या. "आता खिसाही लावा."

"काय चाललंय आत?" बाहेरच्या खोलीतून शेफबाईंचा आवाज आला.

"तू येऊ नकोस."

"मी कुठे येतेय?"

एकच तुकडा त्यांनी तव्यावर ठेवला. दुसरा, मीठ चोळलेला, तसाच बाजूला राहू दिला. शहाणा शिंपी कापड हातभर जास्तच मागून घेतो. चरबी सुटू लागली, चुरचुर आवाज व्हायला लागला. सासूबाई आच वाढवायला दोनदा पुढे आल्या, मास्तरांनी दोनदा हात आडवा घातला. शेवटी कातडी सोनेरी झाली. मास्तरांनी तुकडा उलटून थोडा वेळ ठेवला, मग पाटावर काढून निवांत पडू दिला. इस्त्रीखालून काढलेलं कापड लगेच हाताळायचं नसतं, तेव्हा हेही त्यांना पटलेलं होतं. तोवर त्यांनी लांब फ्रेंच पाव चिरून गरम केला, एका बाजूला मस्टर्ड लावलं, दुसऱ्या बाजूला संत्र्याचा मार्मालेड, वर व्हिनेगरमधल्या काकडीच्या चकत्या आणि सॅलडची कोवळी पानं.

आता उरलं ते फक्त बदक कापणं. आणि नेमकं इथेच घोडं पेंड खायला लागलं.

कापायचं कसं, हे शेफबाई कधी बोलल्याच नव्हत्या. जे हाताच्या अंगवळणी पडलेलं असतं ते कोणी तोंडाने सांगत बसत नाही. सुईत दोरा ओवतात हे मास्तरांनी तरी कुणाला कधी सांगितलं होतं? त्यांनी मांस निरखून पाहिलं. त्यात धागे दिसत होते, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाणारे, अगदी कापडातल्या उभ्या धाग्यांसारखे, ताण्यासारखे. मास्तरांच्या मनात शंकेला जागाच नव्हती. पँटही ते अशीच कापत. धाग्याच्या दिशेने, उभ्या धाग्यावर, त्यांनी लांबच लांब पट्ट्या कापल्या. कड कुठे वाकडी नाही, जाडी कुठे कमीजास्त नाही. सँडविच बांधून, बशीत मांडून, ते ताठ मानेने बाहेरच्या खोलीत गेले.

शेफबाईंनी बशीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "कशाला हो," त्या म्हणाल्या, "मला काय कळणार आहे यातलं?"

"खा तर."

त्यांनी घास घेतला. दात लागले, पण तुटेना. त्यांनी ओढलं. अख्खी पट्टी पावातून सरसर बाहेर आली आणि हनुवटीखाली लोंबू लागली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. शेफबाईंनी ती पट्टी तोंडातून काढली, उजेडात धरली, नखाने तिचा एक धागा सोलला. डोळ्यांतलं पाणी कुठल्या कुठे गेलं.

"हे असं उभं कोणी कापलं?"

"मी. उभ्या धाग्यावर."

"का?"

"मग काय आडवं कापू? आडवं कापलं की पाय पिळतो."

"कोणाचा पाय? बदकाचा?"

शेफबाई उठल्या. इतक्या महिन्यांत त्यांचा असा चढलेला आवाज घराने ऐकला नव्हता. "मांस आहे ते, सुटाचं कापड नाही! धागा तोडायचा असतो. आडवा, पातळ. नाहीतर खाणाऱ्याने काय दोरखंड चावायचा? दुसरा तुकडा आहे की तोही शिवून टाकलात?"

आणि त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. मास्तर मागोमाग धावले.

शेफबाईंनी तवा पुसला, दुसऱ्या तुकड्यावर झरझर रेघा पाडल्या, आणि सवयीने मिठाच्या बरणीत हात घालून चिमूट भुरभुरली. मास्तरांनी ते बघितलं. मीठ सकाळीच लागलं होतं. पण आत्ता टोकलं आणि ही तशीच पाठ फिरवून बाहेर गेली तर? शब्द गिळून ते गप्प राहिले, आणि गप्प राहिल्याबद्दल मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालू लागले.

"ऐका," शेफबाई तव्याकडे कान करून म्हणाल्या. "आवाज जाड आहे ना? अजून पाणी आहे. बारीक झाला की उलटायचं." मग बोटाने मांस दाबून बघितलं. पुन्हा दाबलं. त्या एकदम थांबल्या. "इथवर तर नाक लागतच नाही हो," त्या हळूच म्हणाल्या, जणू कोणी त्यांना आत्ताच सांगितलं होतं.

मांस निवल्यावर त्यांनी ते धाग्याला छेद देत, सुरी किंचित तिरपी धरून, पातळ कापलं. नवं सँडविच बांधलं आणि मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं.

"खा. आणि खरं सांगा."

लग्न झाल्यापासून मास्तरांनी बायकोच्या हातच्या प्रत्येक पदार्थाला छानच म्हटलं होतं. ते सोपं होतं, कारण ते छानच असायचं. आता त्यांनी घास घेतला. मांस लोण्यासारखं तुटलं, कातडी कुरकुरली, आणि मग मीठ जिभेला झोंबलं. सासूबाईंनी टेबलाखालून त्यांच्या नडगीवर लाथ मारली. शेफबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. खोटं बोलायचं तर हीच वेळ, आणि खोटं पकडायला त्यांच्याकडे जीभ नव्हती. पण एकदा फसवलं की ही कायमची दुसऱ्याच्या दयेवर जाईल, हे मास्तरांना कळलं.

"खारट आहे," ते म्हणाले. "मीठ मी सकाळीच लावलं होतं. तू पुन्हा घातलंस, मी बघितलं, आणि बोललो नाही. घाबरलो."

"झालं," सासूबाई पुटपुटल्या. "मेलेलं बदक पुन्हा मारलंत."

शेफबाईंनी विचारलं, "किती खारट?"

"ते मला कसं सांगता येणार? शिलाईत सांगू?"

"सांगा."

"अर्धा इंच जास्त. अंगात जाईल, पण गिऱ्हाईक नावं ठेवील."

शेफबाईंनी सँडविच उघडलं. काकडीच्या निम्म्या चकत्या काढल्या, बिनमिठाचं लोणी जाड थापलं, मार्मालेडचा आणखी एक हात दिला. "आता?"

मास्तरांनी सावकाश चावलं. "सूतभर राहिलंय."

आणखी लोणी, आणखी दोन पानं. "आता?"

या वेळी मास्तरांनी घाई केली नाही. डोळे मिटून पूर्ण घास संपवला.

"बसलं," ते म्हणाले.

शेफबाईंनी हात धुतले, पुसले आणि संध्याकाळची वाट न बघता फोन उचलला. "उद्यापासून येते," त्या मालकीणबाईंना म्हणाल्या. पलीकडून चवीचं विचारलं गेलं असावं, कारण त्या जरा थांबल्या आणि नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "शेजारी एक माणूस द्या. स्वयंपाकातलं काही कळत नसलं तरी चालेल. फक्त खारटाला माझ्या तोंडावर खारट म्हणणारं हवं."