पाण्याचा वार सोडून समुद्र

नळाला पाणी कधी येणार हे विचारून समुद्राला जायचा दिवस ठरवलेला तुम्ही कधी ऐकलाय का? आम्ही ठरवला होता.

लातुरात आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी आम्ही बायका नळी धरून आपापल्या दारात उभ्या असतो, आणि उभ्या उभ्या बोलणं होतं. किस्से साठतात ते तिथंच. ड्रम भरला की झाकण तरी लावता येतं, किश्शांना झाकण कुठलं! जुहू चौपाटीला जायचं निघालं तेव्हापासून तर एवढे साठले की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

आम्ही चौघी. शेजारच्या महानंदाक्का, साठीला आलेल्या. त्यांच्या मालकांचं भुसार दुकान आहे, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. समोरच्या शमीमभाभी, त्या घरी ब्लाऊज शिवतात. कोपऱ्यावरची सुशीला, माहेर किनवटचं, तोंडाने फटकळ. आणि मी.

*

एका पाण्याच्या दिवशी अक्का हंडा विसळता विसळता म्हणाल्या, "मला एकदा समुद्र बघायचाय."

सुशीलाच्या हातातली नळी सुटली आणि माझ्या चपला भिजल्या! अक्कांनी स्वतःसाठी काही मागितलेलं आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. लग्न झाल्यावर आप्पा म्हणाले होते म्हणे, दाखवू एकदा. मग पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, नातवंडं शाळेत गेली. समुद्र राहूनच गेला.

आप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "एवढं पाणी नुसतं बघून करायचं काय? भरून आणता येतंय का?"

"भरायचं न्हाई. बघायचंच हाय," अक्का म्हणाल्या.

आता आप्पांनी पेपर खाली ठेवला. "जा मग. पण पाण्याच्या दिवशी बाई घरात पाहिजे. बाकी कवाबी जा."

आप्पा हो म्हणाले, या धक्क्यात शमीमभाभींचा ड्रम वरून वाहायला लागला तरी त्यांना कळलं नाही.

*

अंधेरीला माझी भाची मनीषा राहते. मुक्काम तिच्याकडे ठरला. तिने फोनवर विचारलं, "मावशी, तारीख सांग, मी रजा टाकते."

मी म्हटलं, "थांब जरा. वॉलमनला विचारून सांगते."

"हे कोण? नवीन गुरुजी का?"

मी तिला समजावलं की गल्लीचं पाणी सोडणारा तो वॉलमन, आणि तो बोलल्याशिवाय आमच्यातली एकही बाई घर सोडू शकत नाही. ती पलीकडून हसतच सुटली. पोरगी लातुरात जन्मली, पण आता पार मुंबईची झाली!

वॉलमनला गाठलं तर तो हात जोडून म्हणाला, "काकू, माझ्या पोरीच्या लग्नाची तारीख विचारा, सांगतो. पाण्याची विचारू नका."

शेवटी अंदाजाने ठरवलं. पाणी मंगळवारी येईल, म्हणून गुरुवारच्या गाडीची तिकिटं काढली.

*

सुशीलाच्या मुलाने एकदा मोबाईलवर जुहूचा व्हिडिओ लावून दिला. लोकांचे कपडे बघून मी आणि शमीमभाभींनी पदर तोंडाला लावला. अक्का मात्र पापणी न हलवता लाटा बघत होत्या.

सुशीलाला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

"हे पाणी येतंय अन् परत कुठं जातंय?"

"समुद्रातच," मुलगा म्हणाला.

"म्हंजी दिवसभर उगंच इकडून तिकडं करून राहिलंय? अन् एवढ्या लोकात एकानंबी बादली लावली न्हाई?"

"अगं, लोक कशाला लावतील? खारं हाय ते," शमीमभाभी म्हणाल्या.

सुशीला म्हणाली, "भांड्याला तर चाललं असतं!"

*

मनीषा सांगत होती, मावशी, पाण्याचे कॅन घेऊन येऊ नका, आमच्याकडे चोवीस तास पाणी असतं.

आमचा कुणाचाही विश्वास बसला नाही. सुशीला म्हणाली, "सासरची अब्रू झाकून राहिली बिचारी."

मनीषाने फोनवरूनच हे ऐकलं. म्हणाली, "थांबा, ऐकवतेच." तिने स्वयंपाकघरातला नळ सुरू केला आणि फोन जवळ धरला. धो धो आवाज यायला लागला. ना बादली, ना घागर. पाणी नुसतं वाहतंय, आणि आम्ही चौघी इथं फोनभोवती उभ्या!

शमीमभाभींनी कानांवर हात ठेवले. सुशीलाला तर बघवेना, म्हणजे ऐकवेना. ती ओरडली, "बंद कर पोरी, बंद कर! पटलं, पटलं!"

तरीही चौघींनी एकमेकींना न सांगता कॅन भरलेच होते. ते नंतर कळलं.

*

मग एक दिवस सगळंच बारगळत होतं.

अक्का लिंगायत. त्यांच्या गळ्यातलं लिंग त्या कधी अंगावेगळं करत नाहीत. ते गळ्यात नसेल तर पाण्याचा घोटसुद्धा घेणार नाहीत. सुशीला सहज बोलून गेली, "अक्का, लाट आली अन् लिंग घेऊन गेली तर ओ?"

अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी न्हाई येत. तुम्ही जावा," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही सुशीलाला एवढं बोललो, एवढं बोललो, की तीच रडायला लागली.

दोन दिवसांनी शमीमभाभी ब्लाऊज घेऊन अक्कांच्या दारात. लिंगाचा दोरा गळ्यातच राहील असा आतल्या बाजूने खिसा शिवलेला, त्याला चेन, वर दुहेरी शिलाई. "बघा अक्का. समंदर का बाप आला तरी निघणार न्हाई."

अक्कांनी ब्लाऊज उलटासुलटा करून बघितला. मग घालून अंगणात आल्या, मोठ्या टोपात उभ्या राहिल्या आणि सुशीलाला म्हणाल्या, "बादली भर. लाट हाय समज अन् फेक."

आम्ही हादरलोच! अर्ध्या बादलीत अंघोळ करून उरलेलं पाणी तुळशीला घालणारी ही बाई!

"अक्का, भरलेली बादली?"

"फेक म्हणते ना!"

सुशीलाने फेकली. अक्का डोळे गच्च मिटून उभ्या. पाण्याने पार निथळल्या, मग हात आत घालून बघितला आणि हसल्या. चेन जागची हलली नव्हती.

नेमके तेव्हाच आप्पा दुकानातून आले. ओलीचिंब बायको टोपात उभी, समोर सुशीला रिकामी बादली घेऊन. ते एवढंच म्हणाले, "अंघोळ घालायला बाई लावली का आता?"

टोपातलं पाणी अक्कांनी संध्याकाळी अंगण सारवायला वापरलं.

*

मंगळवारी पाणी आलं नाही.

बुधवारीही नाही. वर कुठंतरी पाईप फुटला होता. ड्रम तळाला गेले. माझ्या सूनबाई ड्रमचं झाकण उघडून माझ्याकडे बघायच्या. आप्पा तेवढं मोठ्याने बोलले, "पाण्याच्या दिवशी बाई घरात, असं ठरलंय. पाणी आलं न्हाई म्हंजी दिवस व्हायचाच हाय."

अक्का म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी येईल की."

गुरुवारी सकाळीही आलं नाही. आम्ही तरी निघालो. तिन्हीसांजेला ऑटो गल्लीत आला. आधी अक्का बसल्या, शिवलेला ब्लाऊज घालून, पिशवी मांडीवर. मग आम्ही तिघी दाटीवाटीने. चार कॅन पायाशी. सुशीला म्हणाली, "भाऊ, हळू घे. गाडीला टाईम हाय."

तेवढ्यात नळ फुसफुसला.

पाणी यायच्या आधी नळातून हवा येते. तो आवाज लातूरच्या बाईला झोपेतसुद्धा कळतो. एका दारातून आला, मग दुसऱ्या, मग सगळ्या गल्लीभर.

शमीमभाभी आधी उतरल्या. सुशीला तर उडी मारूनच. "ऑटो थांबव, दोन घागरी भरून आलेच!" मी म्हटलं मी बसते, आणि बोलता बोलता माझेही पाय खाली टेकले होते. घरात सूनबाई, लहान नातू, कोरडे ड्रम. दोन घागरींवर कुणाचं भागणार नव्हतं, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

आप्पा दारात येऊन हाक मारत होते. "अगं ए! पाणी आलंय! ऐकू येतंय का न्हाई?"

अक्का उतरल्या नाहीत. त्यांनी पिशवी पोटाशी धरली आणि आप्पांकडे बघितलं.

"आलंय ना? नळी दाराच्या मागं हाय," म्हणाल्या. मग ऑटोवाल्याच्या खांद्याला बोट लावलं. "चल बाबा."

मी हंडा नळाखाली लावून वळून बघितलं तेव्हा ऑटो गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. आप्पा नळी हातात धरून दारातच उभे होते. तिचं तोंड कुठल्याच भांड्यात नव्हतं. पाणी त्यांच्या पायांवरून, चपलांखालून, गल्लीत वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषाचा हात धरून महानंदाक्का जुहूच्या समुद्रात गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या.