गोल्फमधला ल

एझरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाटकाच्या तालमीत मरायचं सोंग घेऊन जमिनीवर पडलो होतो. कुणीतरी फोन कानाला लावला. ऐकलं, आणि उठलोच नाही. मंडळींना वाटलं, काका आज काय काम करतायत!...

एझरा माझा पनवेलच्या शाळेपासूनचा दोस्त. ज्यू कुटुंब; घरचे सगळे इस्रायलला गेले, हा पठ्ठ्या मागे राहिला. म्हणे, "तिकडे वाळूच वाळू. गोल्फमध्ये चेंडू वाळूत गेला की मेला!" देशभर स्पर्धा खेळला, चषक आणले. मग चाळिशीत उजव्या हाताला थरथर सुटली. दोनशे मीटरवरून चेंडू हवा तिथे टाकणारा हा माणूस हातभर अंतरावरून भोकात घालताना चुकू लागला. "खेळ डोक्यात तसाच आहे रे, हात गेला," म्हणाला, आणि माझ्यासमोर पहिल्यांदा रडला. मी विनोद केला. दुसरं मला येतं काय?

पुढे तो विद्यापीठात कंत्राटी प्रशिक्षक झाला. कार्यालयानं कागदोपत्री त्याच्या 'गोल्फ'चं 'गोळाफेक' केलं. चेंडू मागितले, तर लोखंडी गोळा आला! त्यानं तो आपल्या भाड्याच्या खोलीचं दार आपटून लागू नये म्हणून दाराला टेकवून ठेवला, आणि पनवेलजवळच्या नेरे गावच्या, कापणी झालेल्या भातखाचरांत पोरींना शिकवू लागला. त्यातली एक भारती, उरणच्या कोळ्याची लेक. मासळीच्या टोपल्या उचलून कमावलेले खांदे, आणि हात कसा, दगडासारखा स्थिर. "माझा गेलेला हात हिच्याकडे आहे," एझरा म्हणायचा.

यंदा तिचं शेवटचं वर्ष. आंतरविद्यापीठ स्पर्धेला तिचं नाव जायचं तर एझराची नेमणूक गोल्फसाठीच आहे असं पत्र हवं होतं. महिनाभर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. दोन जिने चढला की छाती धरून बसायचा. अखेर पत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं, 'गोफ प्रशिक्षक'.

"आता दोऱ्यांचा गोफ विणत नाचू?" तो हसला, आणि हसता हसता पार खचला.

"अरे, एक ल तर राहिलाय! घाल की पेनानं."

"सही झालेल्या स्कोअरकार्डाला आपण गोल्फवाले पेन लावत नाही, राजा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. सकाळीच तो दुरुस्तीला गेला. साहेब यायच्या आधी, बाहेरच्या बाकावर... पत्र हातातच होतं.

ते माझ्याकडे आलं. चार वाजता, इस्पितळाच्या व्हरांड्यात, मी पेन काढलं. भारती समोर उभी, रडून चेहरा सुजलेला.

"एक अक्षर, भारती. तुझं अख्खं वर्ष आहे यात."

तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि माझ्या खिशात अडकवलं. "नको काका. सर असं नाय करायचे."

पाच वाजले.

परवा त्याची खोली रिकामी करायला गेलो. शेवटी गोळा उचलला, तर दार धाडकन लागलं. जन्मभर रंगमंचावर असले आवाज काढलेला मी, दचकलो. दार उघडलं, गोळा परत होता तिथे टेकवला आणि तसाच सोडला.

घरमालकांना किल्ली देताना चेहरा अगदी साळसूद करून सांगितलं, "दार बिघडलंय हो. लागत नाही."