मनगटावरची जागा

हात पुढे करा म्हटलं की ती तो पदराखाली घ्यायची. "निघू दे माय, जहर हाये ते. बाहेर पडल्याबिगर बिमारी जाईन कशी?"

नाचणगावची भाजीवाली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. स्तनाच्या कॅन्सरसाठी तिला सलाईनमधून औषध चालू होतं. ते चढलं की पुढचे दिवस उलट्या, पोटात पाणीसुद्धा ठरत नसे. मी रुग्णालयाच्या त्या वॉर्डात समाजसेविका. आमच्या अल्लीपूरच्या घरातली पहिली बी.ए. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं कोपराच्या बाजूला, दोन शिरांच्या मधे अंगठ्यानं दाबलं तर मळमळ कमी होते, हे मी प्रशिक्षणात शिकले होते. मला त्याचा अभिमान होता.

तिला नव्हता. "एवढी शिकली अन् हातच दाबाले लागली," म्हणायची.

तुम्हाला वाटेल, तिचा विश्वास नसावा. तसं नाही. शेजारच्या खाटांवरच्या बायांचे हात ती स्वतः दाबून द्यायची, माझ्याहून जोरात. मग तुमचाच का नाही, विचारलं तर म्हणायची, त्यांचं सारं जहर निघालं असंन, माहं बाकी हाये.

एकदा वजन फारच उतरलं. सिस्टरनं आकडा सांगितला तर बाई तिलाच म्हणते, "तुमचा काटा मारते जी." जन्मभर तराजू धरलेली बाई. पण डॉक्टरांनी सांगून टाकलं, अन्न टिकलं नाही तर पुढचा डोस देता येणार नाही. मग तिनं स्वतःच बांगड्या कोपराकडे सारल्या.

"दाब."

उलट्या साऱ्या थांबल्या नाहीत, मळमळ तेवढी उतरली. वरणभात पोटात राहू लागला, डोस पुढे सुरू झाले. घरी दाबायला मी तिच्या नवऱ्याला शिकवलं.

तरी आजार पसरला. पुढे ती आलीच नाही.

नवरा आला, तिला घरी दिलेल्यांपैकी उरलेल्या गोळ्या परत द्यायला. दुसऱ्या कोणाच्या कामी येतील म्हणाला. ती गेल्याचं त्यानं सांगितलं. मला रडू आलं नाही. गोळ्या कपाटात ठेवून परतले तर तो बाकावर बसून होता, स्वतःच्या मनगटावर अंगठा ठेवून.

"इथंच ना मॅडम? अखेरपर्यंत दाबत होतो. चुकीचं त नाई दाबलं?"

अंगठा नेमका जागेवर होता. मी तसं सांगितलं. त्यानं मान हलवली. अंगठा मात्र काढला नाही.