टाकलीया

परदेशी पाहुणे येणार म्हटलं की आमच्या ऑफिसात झाडलोट सुरू होते. मी मात्र फडक्याला हात लावत नाही. मुलं आणि त्यांची कुटुंबं यांच्यासाठी वीस वर्षं सोलापूर जिल्ह्यात काम करतेय. जे आहे ते बघा, असं माझं सरळ म्हणणं. दोन देशांतल्या समाजकार्यकर्त्यांनी एकमेकांकडे महिनाभर राहून काम बघायचं, अशा एका कार्यक्रमात मी आधी स्कॉटलंडला जाऊन आले होते. त्या बदल्यात तिकडची एक बाई माझ्याकडे आली आणि शुक्रवार पेठेत आमच्याच घरी उतरली.

बाई हुशार. मराठी शिकूनच आलेली आणि अजून शिकायची हौस दांडगी. आमच्या सल्ला केंद्रात एक बाई रडत म्हणाली, "नवऱ्यानं टाकलं मला." पाहुणीनं मला अर्थ विचारला. "वाऱ्यावर सोडून दिलं," मी ठसक्यात सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. शब्द शिकवायला मला फार आवडतं, आणि आपलं शिकवणं अर्धवट असू शकतं हे तेव्हा मनातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही श्रीपूरला गेलो. कारखान्याजवळ ऊसतोड कामगारांची खोपटं होती. "आज मी एकटी बोलते," पाहुणी म्हणाली. मला कौतुकच वाटलं. मी मुकादमाशी मुलांच्या लसीकरणावरून हुज्जत घालत लांब उभी राहिले. मला नंतर कळलं ते असं: एका खोपटाच्या दारात पाहुणीनं एका बाईला मुलांबद्दल विचारलं. बाई म्हणाली, "एकच पोरगी हाय. अकलूजला तिच्या मावशीकडं टाकलीया." पाहुणी परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, ऊन लागलं.

अहवाल तिनं लिहिला, सही माझी. एरवी आमच्या ऑफिसातल्या पोरींच्या अहवालांवर मी लाल पेन घेऊन तुटून पडते. पण हे सहा पानांचं सुरेख इंग्रजी बघून म्हटलं, हिचं इंग्रजी तपासणारी मी कोण? न वाचता सही ठोकली आणि अहवाल बालकल्याण समितीकडे धाडला.

आठ दिवसांनी त्या मावशीचा फोन आला. डेअरीत काम करणारी बाई ती. "ताई, समितीचं पत्र आलंय. पोरीला सोलापूरला आना म्हनत्यात. चौकशी हुईस्तवर तिला बालगृहात ठिवनार म्हनं. तिनं केलं काय वो?"

मी अहवाल काढला. चौथ्या पानावर लिहिलं होतं, आईवडिलांनी मुलीला सोडून दिलं आहे. नऊ वर्षांची, तिसरीत शिकणारी, मावशीच्या घरी दोन्ही वेळा पोटभर जेवणारी पोर माझ्या सहीनं बेवारस झाली होती. मी पाहुणीवर खेकसले. आम्ही मुलाला शाळेत टाकतो, पैसे बँकेत टाकतो, चहात साखर टाकतो, यातलं काय उकिरड्यावर जातं? तिनं वही उघडून दाखवली. शब्दापुढे मी सांगितलेलाच अर्थ होता.

समितीपुढे आम्ही सगळ्या गेलो. आईनं त्या दिवशीची तोड बुडवली होती. मावशीनं शाळेचा दाखला आणला होता, आणि पोरगी मावशीच्या साडीचा पदर मुठीत धरून बसली होती. मी उभी राहून शब्दाचा सगळा घोळ सांगितला.

"पण सही तुमचीच ना?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझीच. न वाचता केली." असं वाक्य वीस वर्षांत माझ्या तोंडून निघालं नव्हतं. पाहुणीही उठली आणि मराठीत म्हणाली, "चूक माझी पण आहे."

अध्यक्षबाईंनी पोरीला जवळ बोलावून शाळेचं, मावशीचं, आईचं विचारलं. मग पोरगी मावशीकडेच राहील, असा निर्णय दिला आणि दुरुस्त अहवाल त्याच दिवशी मागितला.

मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर लिहायला बसले, या वेळी मराठीत. आई शेजारी येऊन बसली.

"ताई, पयल्या कागदात काय लिवलं हुतं?"

मी खरं ते सांगितलं.

"टाकली म्हनले म्या, ते खरं हाय. पर टाकून दिली न्हाय की," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आता ठिवली म्हनून लिवा. पुना कुनाचा घोळ नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक आम्ही केली होती आणि बोलणं सुधारायला ती निघाली होती. "तुमचा शब्द बरोबर आहे," मी म्हटलं. "तोच राहील. त्याचा अर्थ मी खाली लिहीन."

"लिवा की. पर सई करायच्या आदी मला वाचून दावा. पोरगी माजी हाय."

लिहून झाल्यावर मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. दोनदा तिनं मला थांबवलं, आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं.